गच्चीचं पहिलं बोलावणं

थांबा, थांबा, फुंकू नका! मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, बहिरा नाही. माझ्यासमोर येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या तोंडावर 'फू फू' करतो, मग बोटानं टकटक मारतो आणि मग विचारतो, "आवाज येतोय का?" अहो, येतोय की! मघाशी तुम्ही शेजारच्याच्या कानात जे बोललात ना, तेसुद्धा ऐकलंय मी.

मला डोळे नाहीत. देवानं डोळे न देता माझ्यासारख्या चौकस प्राण्याला जन्माला का घातलं, ते त्यालाच ठाऊक. कुणी खुर्ची सरकवली की मला वाटतं, कोण उठलं? का उठलं? रागावून गेलं की पाणी प्यायला? सगळं आवाजावरून ताडायचं. त्यामुळे माझी गोष्ट ऐकताना एवढं लक्षात ठेवा, की मी सांगतोय ते सगळं ऐकलेलं आहे, पाहिलेलं काहीच नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, कोण जाणे. माझा डबा उघडला तेव्हा मी नाशकात, रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात होतो आणि एक भरदार आवाज दुकानदाराला दरडावत होता, "दहा दाखवू नका हो. एकच दाखवा, पण खणखणीत दाखवा." तो आवाज धनराज देवरे सरांचा. सर मूळचे सटाण्याकडचे, नोकरीनं शाळामास्तर आणि हौसेनं लग्नातले निवेदक. त्यांनी मला हातात घेतलं, फुंकर मारली, टकटक केलं आणि म्हणाले, "मंडळी, कान इकडे!" दुकानातलं एकही गिऱ्हाईक वळलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्या जिल्ह्यात लग्नाला भटजी जितका लागतो तितकाच निवेदक लागतो. अक्षता पडायच्या आधी आलेल्या बड्या मंडळींचं नाव घेऊन स्वागत करावं लागतं. सरपंच आले, माजी सरपंच आले, सोसायटीचे चेअरमन आले, नवरीच्या मामांचे साडू आले. एखादं नाव राहिलं की तो माणूस न जेवता गाडीत जाऊन बसलाच म्हणून समजा. सरांच्या तोंडून कधी नाव सुटत नसे. मालेगावपासून वणीपर्यंत त्यांना लोक आग्रहानं बोलवायचे, आणि मोटरसायकलच्या डिकीत बसून मीही जायचो. जुन्या फेट्याचा एक गुलाबी तुकडा होता, त्यात सर मला गुंडाळून ठेवत. तेवढा मान मला होता, हे कबूल केलं पाहिजे.

काय काय ऐकलंय मी! मंगलाष्टकं तर विचारू नका. नवरीच्या मावशीनं एक म्हटलं की नवऱ्याची आत्या मागे कशी राहील? मग ती दोन म्हणणार. माझ्या जाळीला लिपस्टिक लागलेली असायची, पेढ्याचा वास असायचा, कधी तंबाखूचा. एका हळदीला कुणाच्या तरी काकांनी मला नाचता नाचता खाली पाडलं, त्याचा पोचा अजून माझ्या डाव्या गालावर आहे. मंगळसूत्र हरवल्याची घोषणा मी केली आहे, लाल फ्रॉकातली मुलगी सापडल्याची केली आहे. नवरदेवाचे बूट पळवणाऱ्या मेव्हण्यांना दटावण्याचं कामही मीच केलं.

पण एक शल्य होतं. माझ्यातून बोललेलं कुणी ऐकतच नसे! सर घसा फोडून "मंडळी, कान इकडे!" म्हणायचे आणि समोर आपली ताटं वाजताहेत, पोरं रडताहेत, बायका एकमेकींच्या साड्यांची चौकशी करताहेत. मंडप वळायचा तो दोनच वाक्यांना. एक म्हणजे "एम एच पंधरावाली पांढरी गाडी रस्त्यातून काढा" आणि दुसरं म्हणजे "जेवणं सुरू झाली आहेत." मला भारी उत्सुकता वाटायची, की इतकी माणसं जर एकदम गप्प झाली तर तो आवाज कसा असेल? मी तो कधी ऐकलाच नव्हता.

मग बिनवायरचा माईक आला. सर त्याला घेऊन मंडपभर हिंडू लागले आणि मी टीव्हीखालच्या खणात गेलो. शेजारी दोन मेलेले रिमोट आणि एक टॉर्च. किती लग्नसराया गेल्या देव जाणे. वाईट वाटलं का? वाटलं तर. फेट्याच्या तुकड्यातही धूळ शिरतेच. पण कान शाबूत होते, त्यामुळे घरात काय चाललंय ते मला खणातून कळत असे. सरांची मुलगी वैष्णवी मोठी होताना मी ऐकली. आधी पाढे म्हणायची, मग गाणी म्हणायला लागली, आणि मग एके दिवशी बापलेकीचं कडाक्याचं वाजलं.

"बँड काढलाय म्हणे तू," सर म्हणाले. "पोटापाण्याचं काय?"

"पप्पा, नोकरी करतेच आहे ना मी. शनिवार-रविवारी गाणार."

"क्लासमधली शिकवणी म्हणजे नोकरी नाही. बी.एड. कर. शाळेत लाग."

"आणि गाणं?"

सरांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "हे बघ वैशू, मला लोक बोलावतात. मी कुणाच्या दारात जात नाही. तुला कोण बोलावतं ते बघू. ही लग्नसराई संपेपर्यंत तुमच्या बँडला एक तरी बोलावणं येऊ दे. स्टेजवर, लोकांसमोर. आलं तर मी पुन्हा बी.एड.चं नाव काढणार नाही. नाही आलं तर जूनमध्ये फॉर्म भरायचा आणि हा नाद सोडायचा."

"नाही आलं तर सोडला," ती म्हणाली, आणि मला तिच्या आवाजातली भीती ऐकू आली. सरांना ती ऐकू आली नसावी.

त्याच दुपारी खण उघडला. मला उचलणारा हात लहान होता, बोटांच्या टोकांना घट्टे नव्हते. वैष्णवीनं मला पुसलं, वायर जोडली, आणि मित्रांनो, तिनं फुंकर मारली नाही! नुसती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ऐकतोयस ना?" आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला सरळ विचारलं. मी तिच्यावर तिथेच खूश झालो.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांची तालीम चालायची. तिघं जण होते. हर्षल अंबडच्या कंपनीत पाळीवर जायचा आणि उरलेल्या वेळात एका लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं हातानं वाजवायचा. सुयश गिटार वाजवायचा आणि सगळ्या गोष्टींचं नियोजन करायचा, म्हणजे तसं तो म्हणायचा. गाणारी वैष्णवी. गच्चीवर जमतात म्हणून बँडचं नाव 'गच्ची' ठेवलं होतं. पाण्याच्या टाकीशेजारी मी स्टँडवर उभा असायचो आणि कबुतरं, कुकरच्या शिट्ट्या, खालच्या भाजीवाल्याची आरोळी असं सगळं ऐकायचो. चैत्रात तर गच्ची भरून गेली, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या मीना मावशींनी कुरडया वाळत घातल्या. त्या छत्री घेऊन कावळे हाकलत बसायच्या आणि तालीमही ऐकायच्या. त्यांना बघून वैष्णवीनं एक गाणं रचलं.

"जा रे कावळ्या, जा पलीकडं,
आईचं लक्ष आहे इकडं.
पदर डोक्याला, काठी हातात,
तीसुद्धा आधी गायची म्हणतात."

मला ते फार आवडलं. पण सुयश म्हणाला, "हे आपल्यापुरतं ठेवू. कार्यक्रमाला असलं चालत नाही."

आता बोलावणं मिळवायचं कसं? ही भानगड मला भलतीच रोचक वाटली. ते तिघं स्पीकर चालू ठेवूनच फोन करत, त्यामुळे पलीकडचं बोलणंही मला ऐकू यायचं. जो तो एकच प्रश्न विचारायचा, "याआधी कुठं वाजवलंय?" मी चक्रावलोच. पहिला कार्यक्रम मिळायला आधी एक कार्यक्रम झालेला असावा लागतो, मग तो पहिला कसा? एकदा सुयशनं खरं काय ते सांगून टाकलं, "गच्चीवर वाजवतो." तर समोरचा म्हणतो, "हे कुठलं नवीन हॉटेल? गंगापूर रोडला आहे का?"

धरणाकडच्या एका वाईनरीच्या मॅनेजरनं व्हिडिओ मागितला. पोरांनी गच्चीवर काढून पाठवला. त्यात ऐन गाण्यात कुणाच्या तरी कुकरनं तीन शिट्ट्या दिल्या. मॅनेजरनं उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय यावर तिघांनी अख्खी तालीम घालवली. हर्षलच्या मते तो होकार होता. आठवडाभरानं सुयशनं पुन्हा विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, "समोर पब्लिक असलेला व्हिडिओ पाठवा. लोक बसून ऐकतात का, ते मला बघायचंय."

शेवटी कॉलेज रोडवरचा एक कॅफेवाला कबूल झाला. त्याच्याकडे गुरुवारी कुणीही येऊन गायचं, अशी सोय होती. तो म्हणाला, "या. पण तुमचं पब्लिक तुम्ही आणा. गर्दी झाली तर पुढं शनिवारचं बघू."

पब्लिक आणा म्हटल्यावर आमच्या पोरांनी काय करावं? अख्खी इमारत नेली! वॉचमनची बायको, तळमजल्यावरचे जोशी काका, मीना मावशी, त्यांची मुलगी तेजस्विनी, हर्षलचे दोन्ही काका. सगळी मंडळी चांगले कपडे घालून आली आणि टेबलं धरून बसली. एवढ्या माणसांत मिळून दोन कॉफ्या मागवल्या. मग पिशव्या उघडल्याचा आवाज आला. डब्यांची झाकणं, थर्मासचं बूच, आणि चिवड्याचा कुरकुराट थेट माझ्यापर्यंत.

"ताई, बाहेरचे पदार्थ इथं चालत नाहीत," कॅफेवाला म्हणाला.

"बाहेरचं कशाला आणू?" मीना मावशींना रागच आला. "घरी केलंय सगळं. तुम्ही पण घ्या!"

तिकडे वैष्णवी इंग्रजी गाणं गात होती. सुयशनंच निवडलं होतं, कॅफेत तेच शोभतं म्हणून. खरं सांगतो, ती धडा वाचल्यासारखं गायली. आमच्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि हर्षलच्या काकांनी तर ओळ संपायच्या आत "वन्स मोअर" दिला. नेहमीची गिऱ्हाइकं दारातूनच परत जात होती, बसायला जागाच नव्हती. कार्यक्रम संपल्यावर कॅफेवाला गोड आवाजात म्हणाला, "कळवतो हं." तो आवाज मला पाठ आहे. लग्नाला यायचं नसलेले पाहुणे त्याच आवाजात "बघतो, जमवतो" म्हणतात.

परतताना स्कूटरवर मी वैष्णवीच्या पाठीवरच्या बॅगेत होतो.  मुंबई नाक्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली आणि ती रडायला लागली. हेल्मेटच्या आत, कुणाला कळू नये असं. मला मात्र सगळं ऐकू येत होतं आणि काही करता येत नव्हतं. माझं काम दुसऱ्याचा आवाज मोठा करायचं, मला स्वतःचा आवाज कुठं?

दुसऱ्या दिवशी मीना मावशी गच्चीवर कुरडया उलटवत म्हणाल्या, "काल ते कावळ्याचं का नाही म्हटलं गं?"

"ते तिथं कोण ऐकणार, मावशी?"

"म्हणजे? मी तेवढ्यासाठी रिक्षा करून आले होते!" मावशींच्या हातातली कुरडई मोडली. "ते जाऊ दे. तेजूच्या लग्नात म्हणा. आमच्याकडं वरात काय वेळेवर येत नाही. नवरदेवाचे मित्र नाचत बसतात आणि मंडपात लोक उपाशी ताटकळतात. तो वेळ तुमचा. वरात दारात आली की तुम्ही थांबायचं. कबूल?"

त्या संध्याकाळी वैष्णवीनं घरी सांगितलं. त्या लग्नाचे निवेदक अर्थातच धनराज सर होते. ते म्हणाले, "शेजारणीचं बोलावणं मी धरत नाही. असं तर मी पण मला घरी बोलावीन. तिऱ्हाईतानं बोलावलं पाहिजे."

"पण गायला तर देशील ना?"

"वेळ उरला तर," सर म्हणाले.

वैशाख संपत आला होता. यंदा त्यानंतर मुहूर्तच नव्हते. म्हणजे तेजस्विनीचं लग्न ही शेवटची संधी, आणि तिथं कुणी तिऱ्हाईतानं ऐकून बोलावलं तरच गाणं राहणार होतं. तिघंही हे जाणून होते. या खेपेला त्यांनी डोकं चालवलं. हर्षल आदल्या दिवशी दिंडोरी रोडवरच्या लग्नाच्या लॉन्सवर जाऊन प्लग कुठं आहेत ते बघून आला. सुयशनं मंडपवाल्याला फोन करून त्याचा स्पीकर कसला आहे ते विचारलं. गाणी तीनच ठरली, पहिलं कावळ्याचं. सुयश स्वतःच म्हणाला, "ऐकणारी माणसं बघून गाणं निवडायला हवं होतं रे. चुकलंच माझं."

लग्नाच्या दिवशी मी स्टेजच्या कोपऱ्यात स्टँडवर होतो. सर त्यांच्या बिनवायरच्या माईकवर रंगात आले होते. मुहूर्त टळून गेला होता. वरात म्हणे पेट्रोल पंपापाशी अडकली होती, लांबून डीजेची धडधड माझ्या अंगात जाणवत होती. समोर नेहमीचा गोंधळ. पंख्यांची घरघर, पोरांची पळापळ, "अजून किती वेळ हो?"

"यानंतर स्वागत करू या, द्राक्ष बागायतदार संघाचे माजी उपाध्यक्ष..." सरांचं चालूच.

मीना मावशी स्टेजपाशी येऊन म्हणाल्या, "सर, पोरांना सोडा की आता."

"वणीचे पाहुणे राहिलेत ताई. एवढं आटोपतो."

वणीचे झाले, मग पिंपळगावचे निघाले. डीजे जवळ येत होता. वैष्णवी माझ्याजवळ उभी होती, तिचा श्वास माझ्या जाळीवर पडत होता आणि तो फार भरभर चालला होता. मीही कासावीस झालो. अहो सर, पुरे की! तुमचीच लेक उभी आहे! पण माईकचं ऐकतो कोण?

आणि तेवढ्यात खर्रर्र झालं. बिनवायरच्या माईकचे सेल संपले. सरांनी तो हापटला, चापटला, काही उपयोग झाला नाही. मग त्यांची पावलं माझ्या दिशेनं आली.

"दे इकडं तो."

वैष्णवीनं मला स्टँडवरून काढलं आणि दिलं. काय करणार? स्टेज त्यांचं, माईक त्यांचा आणि बाप तिचा. किती वर्षांनी मी त्या हातात गेलो! तीच पकड, तोच अंगठ्याखालचा घाम. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी वाटलं की नको, आत्ता नको.

"मंडळी, कान इकडे!" सर गरजले.

पुढचं नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं. शेजारून वैष्णवी एवढंच म्हणाली, "पप्पा, वरात आली की संपलं." रागानं नाही, रडूनही नाही. गाडी सुटली की सांगतात ना, तसं.

सर थांबले. मित्रांनो, मी त्या माणसाला वर्षानुवर्षं ओळखतो. माझ्यासमोर ते कधी थांबले नव्हते. 

"आता," ते म्हणाले, "आता तुमच्यासमोर गायला उभी आहे... वैष्णवी धनराज देवरे."

हजारो नावं घेतली असतील सरांनी माझ्यातून. हे नाव पहिल्यांदा घेत होते.

"आणि तिच्यासोबत..." त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि कुजबुजले, "काय गं, पोरांची नावं?"

"हर्षल आणि सुयश."

"हर्षल आणि सुयश. आणि त्यांच्या बँडचं नाव आहे..." पुन्हा हात. "काय नाव तुमचं?"

"गच्ची."

"गच्ची?" हात सरकला होता, त्यामुळे ते आश्चर्य चारही स्पीकरमधून बाहेर पडलं.

सगळा मंडप हसला. मागून वणीकडची एक बाई ओरडली, "मंग चढा की वर लवकर! लय ऊन व्हायच्या आत!" आणखी हशा पिकला. हसता हसता लोक स्टेजकडे वळले, हे मला खुर्च्यांच्या आवाजावरून कळलं. सरांनी मला स्टँडवर बसवलं आणि स्टँड वैष्णवीच्या उंचीला खाली घेतला.

"एवढं बस का?"

"बस."

हर्षलनं खोक्यावर हलकेच ठेका धरला. वैष्णवी म्हणाली, "हे गाणं कुरडया राखणाऱ्यांसाठी आहे," आणि गायला लागली. पहिल्या ओळीला मागं वाढप्यांची ताटं वाजत होती. "पदर डोक्याला, काठी हातात" आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बांगड्या थांबल्या. "तीसुद्धा आधी गायची म्हणतात" याला कुणीतरी नाक ओढलं. मग मधल्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या. पोरांना कुणीतरी "गप रे" केलं. पंख्यांची घरघर तेवढी राहिली.

तर असा असतो तो आवाज! मला वाटलं होतं शांतता म्हणजे काहीच नसेल. पण तसं नव्हतं. शेकडो माणसं श्वास घेत होती आणि ऐकत होती, आणि ते मला ऐकू येत होतं. माझ्या जाळीवर आता चुकूनही खरखर येऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून उभा होतो.

आणि मेला डीजे जवळ आला! अगदी गेटपाशी. अजून दोन कडवी बाकी होती. मी म्हटलं, गेलं सगळं. आणि अचानक डीजे बंद पडला. का बंद पडला? काय झालं? वीज गेली म्हणावं तर माझा आवाज चालू. मला काही उमजेना. वैष्णवीनं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं गाणं म्हटलं, न घाई करता. मग टाळ्या पडल्या. काकांच्या "वन्स मोअर"सारख्या नाहीत. थोडं थांबून, मग भरभरून. त्यानंतर डीजे पुन्हा सुरू झाला, नवरदेव आला, अक्षता पडल्या आणि लोक जेवायला पळाले. दुसरं गाणं झालंच नाही.

डीजेचं कोडं सामान आवरताना सुटलं. हर्षल सुयशला सांगत होता, "अरे, सर पळत गेटवर गेले! डीजेच्या गाडीपुढं दोन्ही हात वर करून उभे राहिले. नवरदेवाचा भाऊ म्हणतो, सर, मुहूर्त टळून गेलाय. तर सर म्हणतात, टळलाच आहे ना? मग अजून दोन मिनिटं टळू द्या. आणि मीना मावशींना म्हणाले, ताई, सावकाश ओवाळा!"

वैष्णवी वायर गुंडाळत होती, मी तिच्या हातात होतो. तिचे हात थांबले. तेवढ्यात थोड्या अंतरावर एक अनोळखी आवाज सरांना म्हणाला, "सर, या पोरांचं बुकिंग तुमच्याकडेच का? मी मनमाडचा. आमच्या रेल्वे कॉलनीत दर वर्षी कार्यक्रम असतो. आमच्या मिसेस ऐकेनातच, ही मुलगी पाहिजे म्हणजे पाहिजे."

सर दोन पावलं बाजूला झाले. मग म्हणाले, "माझ्याकडे नाही. त्यांचं ते बघतात. ती बघा, वायर गुंडाळतेय. तिला विचारा."

वैष्णवीनं त्या गृहस्थांना नीट विचारलं. कुठला दिवस, किती माणसं, स्पीकर तुमचा की आम्ही आणायचा, आम्हाला किती वेळ, आमच्या आधी कोण. बोलताना आवाज अगदी ताठ होता. गृहस्थ गेले आणि ती सुयशच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटली.

संध्याकाळी घरी सर मला पुसत होते. फेट्याचा तो गुलाबी तुकडा त्यांनी धुवून आणला होता.

"मनमाडचे ते आपले कोण लागतात?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग धरावंच लागेल," सर म्हणाले. बी.एड.चं नाव पुन्हा निघालं नाही. थोड्या वेळानं त्यांनी घसा खाकरला. "त्यांनी निवेदक ठेवलाय का गं?"

"नाही."

"मग..." धनराज देवरे सर, ज्यांना मालेगावपासून वणीपर्यंत लोक बोलावतात, ते माझी वायर उगाच चाचपत म्हणाले, "मला बोलावणं आहे का?"

वैष्णवी खुदकन हसली. मग म्हणाली, "आहे ना, पप्पा. पण नावं पाचच घ्यायची."

"स्टेशन मास्तर धरून?"

"धरून."

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. माझी वायर पिळून गुंडाळू नका, मला पुसून ठेवा आणि कृपा करून फुंकू नका. आणखी एक मागणं आहे. कधी कुणी नवखा माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याचा श्वास भरभर चालला असेल, तर त्याचं पहिलं गाणं होईपर्यंत ताट खाली ठेवा, मोबाईल खिशात ठेवा आणि गप्प बसून ऐका. तुम्ही ऐकताय की नाही, हे त्यालाही कळतं आणि मलाही.

आत्ता मी फेट्यात गुंडाळलेला आहे. पलीकडच्या खोलीत सर मनमाडची तयारी करताहेत. एकेक नाव घेऊन बघताहेत, मी मोजतोय. एक झालं, दोन, तीन, चार, पाच. थांबले बुवा! नाही, थांबा, सहावं घेतलं. "वैष्णवी धनराज देवरे." आणि आता तेच पुन्हा म्हणून बघताहेत, जरा हळू, जरा नीट.